टचपॅड पुन्हा पुन्हा बंद पडतंय? आधी ‘कधी’ ते बघा

एका शाळेतल्या बाईंचा लॅपटॉप गेल्या वर्षी माझ्या दुकानात तीनदा आला. तिन्ही वेळा तक्रार टचपॅडचीच. पहिल्यांदा मी ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला टचपॅड ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, काढला, रिस्टार्ट मारला, कर्सर पळायला लागला. पंधरा मिनिटांचं काम, पैसेही घेतले नाहीत. दीड महिन्याने लॅपटॉप परत. या वेळी कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकला, बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारं, मशीनमध्येच असलेलं सॉफ्टवेअर) अपडेट केला. पुन्हा चालू. तिसऱ्यांदा आला तेव्हा कर्सर हलत होता, पण डावं बटण दाबलंच जात नव्हतं. फरशी दाबावी तसं लागत होतं बोटाला. मी आपला सवयीने पुन्हा ड्रायव्हर बघायला बसलो, आणि टाइप करता करता लक्षात आलं की काउंटरच्या काचेवर लॅपटॉप डुगडुगतोय. एक पाय अधांतरी. उलटा करून पाहिला तर तळाचं झाकण मधोमध पोटासारखं पुढे आलेलं.

बॅटरी फुगली होती, आणि ती बरोबर टचपॅडच्या खालीच होती. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपांत बॅटरी पुढच्या बाजूला, म्हणजे मनगटं टेकतात त्या पट्टीखाली असते. फुगली की वर टचपॅडला रेटते.

मग आधी दोन वेळा रिस्टार्टने काम कसं झालं? टचपॅड सुरू होताना ‘माझ्यावर आत्ता बोट नाही’ ही स्थिती मोजून घेतं आणि पुढे जो फरक पडेल त्याला बोट समजतं. खालून दाब आल्यावर हे माप चुकायला लागतं. रिस्टार्ट केलं की नव्याने माप घेतलं जातं, आणि दाब वाढेपर्यंत गाडी चालते. बाईंना तिसऱ्या खेपेला विचारलं, बंद पडतं ते नेमकं कधी? त्या म्हणाल्या, “अर्धा-पाऊण तास झाला की. आणि चार्जिंगला लावलेला असला की लवकर. पण दादा, हे तुम्ही आत्ता विचारताय?”

खरं होतं. तेव्हापासून कोणी ‘टचपॅड चालत नाही’ म्हणून आलं की मी स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी हेच विचारतो. हे लिखाणही त्याच क्रमाने आहे.

पण त्याआधी, टचपॅड मेलेलं असताना लॅपटॉप वापरायचा कसा? यूएसबी माउस असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर कीबोर्डवर बरंच होतं. विंडोज की दाबून ‘टचपॅड’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा आणि एंटर मारा, टचपॅडचं सेटिंग उघडतं. टॅबने पुढे सरकायचं, स्पेसने चालू-बंद करायचं. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबून मग एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपच्या भागांची यादी, उघडतो. राइट क्लिक हवं असेल तर शिफ्ट आणि एफ१०. उजवीकडे आकड्यांचा वेगळा कीपॅड असेल तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा. आकड्यांनी कर्सर सरकतो आणि ५ ने क्लिक होतं. कंटाळवाणं आहे, पण वेळ निभावते.

सकाळी चालू होतं, आता एकदम ठार

इथे दहातल्या निम्म्या वेळा काहीही बिघडलेलं नसतं. टचपॅड बंद करायची की कीबोर्डवर असते आणि एफएनसोबत चुकून दाबली जाते. एफ-रांगेत चौकोनाचं, किंवा चौकोनावर काट मारलेलं चित्र शोधा. कोणाकडे ते एफ६ वर असतं, कोणाकडे एफ७ किंवा एफ९ वर, कंपनीगणिक वेगळं. एचपीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका असतो. त्यावर दोनदा टिचकी मारली की टचपॅड बंद आणि शेजारचा दिवा पेटलेला. पुन्हा दोनदा मारली की चालू. लहान मूल असलेल्या घरातून येणाऱ्या लॅपटॉपांत मी हे आधी बघतो.

दुसरी गंमत माउसची. विंडोजमध्ये ‘माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा’ अशी एक खूण असते. ती काढलेली असेल तर माउस जोडल्याबरोबर टचपॅड गप्प बसतं. आता वायरलेस माउसचा यूएसबीत अडकवायचा तो नखाएवढा डोंगल. माउस घरी, डोंगल लॅपटॉपलाच अडकलेला. ऑफिसात पोचल्यावर टचपॅड ‘खराब’. एक गिऱ्हाईक चिपळूणहून एवढ्यासाठी आलं होतं. डोंगल काढून हातात दिला तर त्यांना आधी पटेना. ब्लूटूथ माउस बॅगेत चालू राहिला असेल तरी हेच होतं, आणि तो तर दिसतही नाही.

टचपॅडचं सेटिंग उघडल्यावर एक गोष्ट नीट बघून ठेवा, पुढे कामाला येईल. टचपॅडचं पान दिसतंय पण स्विच बंद आहे, की टचपॅड असा विषयच तिथे नाही? पान दिसत असेल तर विंडोजला टचपॅड सापडलंय. पानच गायब असेल तर त्याला ते दिसतच नाहीये, आणि मग सेटिंगांशी खेळून उपयोग नाही.

टाइप करताना अडकतं

हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. टाइप करताना तळहात टेकून कर्सर भलतीकडे उडू नये म्हणून की दाबल्यानंतर क्षणभर टचपॅड कानाडोळा करतं. गेम खेळणाऱ्या पोरांची हीच तक्रार असते: एका हाताने की धरून ठेवली की दुसऱ्या हाताने टचपॅड चालत नाही. सेटिंगमध्ये टचपॅडची संवेदनशीलता ‘सर्वाधिक’ करा, अडवणूक थांबते. मग टाइप करताना कर्सर उड्या मारायला लागला तर दोष देऊ नका.

चार्जर लावला की वेड्यासारखं करतं

कोकणात, आणि एकूणच जुन्या वायरिंगच्या घरांत, हे मी सगळ्यात जास्त बघतो. चार्जिंगला लावला की कर्सर थरथरतो, आपोआप क्लिक होतात, नाहीतर बोटाची दखलच घेत नाही. चार्जर काढला की शहाण्यासारखं चालतं. एवढं दिसलं की ड्रायव्हरला हात लावू नका, प्लगकडे बघा.

टचपॅडच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या ठिकाणच्या विजेच्या साठ्यात अगदी किंचित फरक पडतो, तो मोजून बोट कुठे आहे ते ठरतं. फरक इतका सूक्ष्म की बाहेरून विजेचा गोंगाट आला तर त्यात तो बुडून जातो. आणि हा गोंगाट येतो चार्जरमधून. चार्जरमध्ये हा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते नको असलेली वीज अर्थिंगच्या तारेत सोडतात. अर्थिंगच नसेल तर ती जाणार कुठे? लॅपटॉपच्या अंगावर येते. अशा वेळी उघड्या धातूच्या भागावर २३० व्होल्टच्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत असतं. प्रवाह अगदी थोडा, म्हणून झटका बसत नाही, पण हाताच्या मागच्या बाजूने धातूच्या झाकणावरून हळू फिरवलं तर झिणझिण्या येतात किंवा पृष्ठभाग खरखरीत लागतो. टेस्टर लावला तर मिणमिणतो. लोक घाबरून विचारतात, करंट उतरलाय का? हो, थोडासा.

कारण बहुतेक वेळा हातातच असतं: तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसलेला, किंवा एक्स्टेन्शन बोर्डाची तिसरी तार आतून जोडलेलीच नाही. कधी भिंतीतल्या सॉकेटलाही तिसरं भोक नावापुरतंच असतं. चार्जर थेट भिंतीतल्या चांगल्या तीन पिनच्या सॉकेटला लावून बघा, स्वयंपाकघरात फ्रिजसाठी वेगळं दिलेलं असेल तर तिथे. तिथे टचपॅड नीट चाललं तर लॅपटॉप निर्दोष आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. सगळीकडे तोच गोंधळ असेल तर चार्जर बदलून बघा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डुप्लिकेट चार्जरांत ही गाळणी फारच काटकसरीने बसवलेली असते. मूळ चार्जरच दोन पिनचा असेल तर त्याला अर्थिंग नसतंच. थोड्या झिणझिण्या त्यात येऊ शकतात, पण कर्सर उडत असेल तर चार्जर संशयितच.

झाकण मिटून उघडलं की गायब

स्लीपमधून उठल्यावर टचपॅड नाही, रिस्टार्ट केलं की आहे. वीज वाचवायला विंडोज टचपॅडला झोपवतं आणि उठवायला विसरतं, एवढंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ह्युमन इंटरफेस डिव्हायसेस’ उघडा, त्यात ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’ शोधा (हल्लीचं टचपॅड बहुधा याच नावाने दिसतं), त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका. काही नव्या लॅपटॉपांत हा टॅबच दिसत नाही; तिथे बायोस आणि चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपांचे) ड्रायव्हर अद्ययावत करणं हाच मार्ग.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘मी रोज रात्री शटडाउन करतो, तरी जात नाही’ असं लोक सांगतात. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर उतरवून ठेवली जाते आणि सकाळी तशीच उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. शटडाउनच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाउनवर क्लिक करा.

त्याहून खोलवर अडकलं असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. काही मॉडेलांच्या तळाशी टाचणी जाईल एवढं भोक आणि शेजारी बॅटरीचं चित्र असतं, तेही याच कामासाठी. हा उपाय मंत्र-तंत्रासारखा वाटतो, पण टचपॅड सांभाळणारी चिप विजेविना पूर्ण रिकामी झाल्याशिवाय तिचा हट्ट सुटत नाही असं कधी कधी खरंच होतं.

विंडोज अपडेट झालं, किंवा कोणीतरी फॉरमॅट मारून दिला, तेव्हापासून

हा मात्र खराखुरा ड्रायव्हरचा विषय. जुनी टचपॅडं पीएस-टू पद्धतीने जोडलेली असायची, म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीने साधा जुना माउस. विंडोज टाकलं की निदान कर्सर तरी हलायचा. आता बहुतेक टचपॅडं आय-टू-सी नावाच्या वाटेने जोडलेली असतात, आणि त्या वाटेचाही वेगळा ड्रायव्हर लागतो. इंटेलच्या मशीनवर त्याचं नाव ‘सीरियल आयओ’. तो नसेल तर टचपॅडचा ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी उपयोग शून्य. रस्ताच नाही तर एसटी येणार कुठून. लोक नेमकं हेच करतात: टचपॅडचा ड्रायव्हर टाकतात, काढतात, परत टाकतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण कशावर आहे ते बघा. ‘सिस्टिम डिव्हायसेस’खाली आय-टू-सी कंट्रोलरवर असेल, किंवा अनोळखी डिव्हाइस दिसत असतील, तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर तुमचा मॉडेल नंबर टाकून चिपसेट आणि सीरियल आयओ उतरवा, ते टाकून रिस्टार्ट करा, मग टचपॅडचा. अपडेटनंतर लगेच बिघडलं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबता येतं का बघा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ म्हणणारी सॉफ्टवेअरं टाकू नका. त्यांनी केलेला घोळ निस्तरायला फॉरमॅटपेक्षा जास्त वेळ जातो.

बायोसमध्येही एकदा डोकावून या. टचपॅड किंवा ‘इंटर्नल पॉइंटिंग डिव्हाइस’ बंद केलेलं नाही ना? एसरच्या काही मॉडेलांत तिथे टचपॅडला ‘बेसिक’ आणि ‘अॅडव्हान्स्ड’ असे दोन पर्याय असतात. ड्रायव्हर सापडत नसेल तर ‘बेसिक’ करा. दोन बोटांच्या करामती जातील, पण कर्सर परत येईल.

विंडोजचा दोष की टचपॅडचा, हे एकदाच ठरवून टाकायचं असेल तर उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेनड्राइव्ह लावून, काहीही इन्स्टॉल न करता, त्यावरून लॅपटॉप सुरू करा. तिथे टचपॅड व्यवस्थित चाललं तर हार्डवेअर ठीक. तिथेही मेलेलं असेल, बायोसमध्ये चालू असेल आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये पानही नसेल, तर झाकण उघडण्याची वेळ आली.

कर्सर हलतो, बटणं मेली

बटणांचं शास्त्र वेगळं. काही लॅपटॉपांत टचपॅडखाली दोन सुटी बटणं असतात; प्रत्येकाखाली घुमटाच्या आकाराचा इवलासा धातूचा स्विच. बाकीच्यांत अख्खं टचपॅड हेच बटण: वरची कड बिजागरीसारखी अडकवलेली, खालच्या बाजूला बहुधा एकच स्विच. डावं की उजवं हे बोट कुठे आहे त्यावरून ठरतं. म्हणून अशा टचपॅडवर ‘फक्त राइट क्लिक गेलंय’ असं असेल तर स्विचकडे नाही, सेटिंगकडे बघा. उजव्या कोपऱ्यात दाबून राइट क्लिक करण्याचा पर्याय तिथे बंद झालेला असतो. मॅकबुकमध्ये २०१५ पासून हळूहळू आलेल्या फोर्स टचची तर तऱ्हाच निराळी. ते मुळात दबतच नाही, ‘टक्’ हा भास आतून मोटरसारख्या यंत्रणेने दिलेला असतो. बंद लॅपटॉपवर दाबून ‘जाम झालंय’ म्हणणारे भेटतात.

बटण मेलेलं असण्यापेक्षा दाबलेलंच राहणं जास्त फसवं. डावं बटण आत अडकलं की कर्सर जाईल तिथे निळा चौकोन ओढला जातो, फाइली आपोआप निवडल्या जातात, आणि बाहेरून जोडलेला माउसही धड क्लिक करत नाही. म्हणून लोकांना वाटतं व्हायरस. माउस जोडा, सेटिंगमधून टचपॅड बंद करा. माउस लगेच शहाणा झाला तर व्हायरस बियरस काही नाही, बटण अडकलंय. कडेला खाऱ्या बुंदीचा दाणा, पेन्सिलच्या शिशाचा तुकडा, काहीही निघतं. मऊ ब्रशने झाडा. टाचणीने उचकटू नका. स्विच घासला असेल तर तूर्तास ‘टॅप करून क्लिक’ चालू करा, महिनोन्‌महिने निभतं.

आणि दगडासारखं घट्ट झालं असेल, टचपॅडची कड शेजारच्या पातळीपेक्षा वर आली असेल, तर लॅपटॉप काचेवर ठेवून डुगडुगतो का बघा. डुगडुगला तर चार्जर काढा आणि तिथेच थांबा. फुगलेल्या लिथियम बॅटरीत वायू साठलेला असतो. ती दाबून बसवायची नाही, टोचायची नाही, ‘एवढा प्रोजेक्ट संपेपर्यंत’ म्हणून वापरायची नाही. टोकदार वस्तू लागली तर पेट घेते. ती काढायला अनुभवी माणूसच हवा, आणि जुनी कचऱ्याच्या गाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. माझ्याकडे अशा बॅटऱ्या दुकानामागे वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात असतात. बाईंच्या लॅपटॉपला नवी बॅटरी घातली, टचपॅड आपोआप जागेवर बसलं. त्याला काहीही झालं नव्हतं.

झाकण उघडल्यावर

बॅटरी सपाट आहे, तरीही टचपॅड नाही, तर स्ट्रिप बघायची. टचपॅडपासून बोर्डापर्यंत जाणारी पातळ चपटी पट्टी. समुद्राकाठच्या दमट हवेत हिच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर धरतो आणि संपर्क तुटक होतो: आज चालतं, उद्या नाही, मनगटाने दाबलं की चालतं. आधी बॅटरीचं कनेक्टर काढा, मगच बाकीचं. स्ट्रिपच्या कनेक्टरला लॉक असतं. काहींचं नखाने वर उचलायचं असतं, काहींचं बाहेर सरकवायचं. ओढून काढाल तर लॉक तुटेल, आणि ते एकटं कुठे मिळत नाही. टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाऐवजी धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. रॅमला खोडरबर मारायची आपल्याकडे जुनी सवय आहे. स्ट्रिपवर ती नको, तिचा मुलामा फार पातळ असतो. सॅनिटायझर आणि अत्तर तर नकोच, दोन्ही मागे चिकट थर ठेवतात. वाळू द्या, सरळ बसवा, लॉक लावा.

सगळे स्क्रू आवळण्याआधी एकदा सुरू करून बघा. आणि स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच भोकात गेला पाहिजे. लांब स्क्रू चुकून मनगटाच्या पट्टीखालच्या आखूड जागेत गेला तर त्याचं टोक टचपॅडला खालून टोचतं. दुसरीकडे कुठे दुरुस्त होऊन आलेल्या लॅपटॉपवर टचपॅडच्या कोपऱ्यात बारीक उंचवटा हाताला लागला, तर मी बाकी काही न बघता आधी तो एक स्क्रू काढतो.